सुताराला फ्रिजचं माप सांगण्याआधी

पत्र: म्हापशात आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी. जुना १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज कधीपासूनच अपुरा पडतोय. यजमानांना साइड बाय साइड हवाय, म्हणतात एकदाच काय तो मोठा घेऊ. सासूबाई सोमवार, गुरुवार, एकादशी पाळतात. मासळी आणि दूध एका फ्रिजमध्ये त्यांना नको आहे, म्हणून जुना फ्रिज मासळीसाठी बाल्कनीत ठेवू म्हणतात. त्यांचे गुडघेही दुखतात. मासळी आम्ही एक दिवसाआड ताजीच आणतो. चवथीला सगळे पेडण्याला मूळ घरी असतो. सुताराने उजवीकडची भिंत आणि ओटा यांच्यामध्ये फ्रिजसाठी २७ इंच जागा धरलीय आणि शनिवारी पक्कं माप मागतोय. कुठला आणि किती लिटरचा घेऊ? स्टँड लागतो का?
– एक वाचक, म्हापसा

ताई, सगळ्यात आधी सुताराला फोन करा आणि २७ इंचांवर प्लाय कापू नको म्हणून सांगा. फ्रिज कुठला घ्यायचा ते ठरायला आणखी आठ दिवस लागले तरी बिघडत नाही, पण एकदा चौकट बसली की पुढची कितीतरी वर्षं तुम्हाला त्या चौकटीत मावेल तोच फ्रिज घ्यावा लागेल.

२७ इंच म्हणजे साडेअडुसष्ट सेंटीमीटर. पाच माणसांना पुरेल असा तीनशे-सव्वातीनशे लिटरचा फ्रिज साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार सेंटीमीटर उरतात. फ्रिज आत सरकेल, दिसायलाही नेटका दिसेल, पण हल्लीच्या फ्रिजना मागे काळी जाळी नसते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून चालू फ्रिजच्या कुशीला हात लावला तर ती कोमट लागते. तिथेच प्लाय चिकटवला तर ती उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं आणि प्लायही खराब होतो. माझं म्हणणं, रुंदी ३१ इंच धरा. चार इंच शेजारच्या ओट्यातून कमी झाले तर एक ड्रॉवर थोडा अरुंद होईल, एवढंच.

दुसरं कारण दरवाजाचं. आपल्याकडच्या बहुतेक फ्रिजना बिजागरी समोरून पाहताना उजवीकडे असते आणि दरवाजा डाव्या कडेने उघडतो. तुमच्याकडे उजवीकडे भिंत आणि डावीकडे ओटा आहे, म्हणजे काढलेली वस्तू लगेच ओट्यावर ठेवता येईल. जागा चांगली निवडलीत. मात्र भिंत बिजागरीच्या बाजूला असल्यामुळे दरवाजा काटकोनाच्या पलीकडे जायला हवा, नाहीतर भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येतच नाही. अर्धवट ओढलेल्या ट्रेमधून तिरकी काकडी काढत बसावं लागतं आणि एक दिवस ट्रेची कड मोडते. म्हणून जादाची जागा दोन्हीकडे सारखी वाटू नका, भिंतीकडे थोडी जास्त सोडा. नेमकी किती, ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दरवाजा उघडा दाखवलेल्या आकृतीत असतं. दुकानदाराकडून ते पान मागून घ्या.

एक काम आजच करता येईल. वर्तमानपत्राची पानं चिकटपट्टीने जोडून ६० बाय ७० सेंटीमीटरचा तुकडा करा आणि फ्रिज जिथे येणार तिथे जमिनीवर अंथरा. ओट्याची खोली साधारण ६० सेंटीमीटर असते, त्यामुळे फ्रिज ओट्याच्या पुढे जरा येणार हे तिथेच दिसेल. मग दरवाजाच्या रुंदीएवढी सुतळी घेऊन खडूने अर्धवर्तुळ काढा. दरवाजा उघडा असताना स्वयंपाकघरात यायला-जायला वाट उरते का, गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो लागतो का, हे तिथे उभं राहूनच कळतं. यजमानांनाही तिथे बोलवा.

कारण त्यांना हवा असलेला साइड बाय साइड साधारण ९१ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे ३६ इंच. त्यात बाजूची हवा धरली की ओटा तोडल्याशिवाय तो बसत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून आत न्यायला बहुधा त्याचे दरवाजे उतरवावे लागतात. हे सगळं करून घेणारी माणसं आहेत आणि ज्यांच्या घरात दहा-बारा जणांचा रोजचा स्वयंपाक आहे त्यांनी ते जरूर करावं. तुमच्या घरात मासळी एक दिवसाआड ताजी येते. भाजी म्हापशाच्या बाजारात उजाडल्यापासून मिळते आणि शुक्रवारी तर सगळ्या बार्देशातून माल येतो. बाजार एवढा जवळ असताना सहाशे लिटरांत ठेवायचं काय? साइड बाय साइडमध्ये मोठा भाग फ्रीझरला जातो आणि तो उभा, अरुंद असतो. त्यात आइस्क्रीमचे डबे छान बसतात, पण इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्यांचा पसरट डबा आडवा जात नाही. हुमणाचं, म्हणजे मासळीच्या आमटीचं, रुंद टोपही दुसऱ्या बाजूला अडचणीनेच बसतं.

मोठा फ्रिज लोक मोठ्या सणासाठी घेतात आणि आपल्याकडे मोठा सण म्हणजे चवथ. पण चवथीला तुम्ही पेडण्याला असता! माटोळी तिथे, नेवऱ्या तिथे, पाहुणे तिथे. ज्या दिवसांत घरात सगळ्यात जास्त अन्न असतं, नेमके तेच दिवस म्हापशातला फ्रिज बंद दाराआड असणार. हे यजमानांना शांतपणे सांगून पाहा. एकदाच काय तो मोठा घेऊ हा त्यांचा विचार काळजीपोटी आहे आणि त्यातला बरोबर भाग आपण ठेवू या. मुलगा आठवीत आहे, पुढची चार-पाच वर्षं दूध, अंडी, उरलेलं जेवण, सगळ्याचा खप वाढणार. म्हणून अडीचशे लिटरवर थांबू नका. ३०० ते ३५० लिटर तुम्हाला योग्य. लिटर पाहताना लेबलवरचा वापरता येणारा आकडा पाहा, कारण एकूण क्षमता आणि प्रत्यक्ष साठवणीची जागा यांत फरक असतो.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मला या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि ते नुसतं सोवळ्याओवळ्याचं नाही. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचत नाही, कारण एक पंखा थंड हवा आतून फिरवत राहतो. ज्या फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारं एकच कॉइल असतं, त्यात फ्रीझरची हवा खाली येते, खालून फिरून परत फ्रीझरमध्ये जाते. म्हणजे वर सैल पिशवीत ठेवलेल्या बांगड्याचा वास दुधाला लागतो आणि खालच्या चिरलेल्या कांद्याचा वास बर्फाच्या तुकड्यांना. दरवाजे दोन असले तरी हवा एकच असते. जुन्या सिंगल डोअरमध्ये तर फ्रीझर म्हणजे आतलाच एक कप्पा, त्यामुळे त्यांना इतकी वर्षं आलेला अनुभव खरा आहे.

यावर उपाय दोन. काही मॉडेल्समध्ये फ्रीझरला वेगळं आणि खालच्या भागाला वेगळं कॉइल असतं, त्यामुळे दोन्हींची हवा एकमेकांत मिसळत नाही. दुकानात थेट विचारा, ‘दोन्ही भागांना वेगवेगळं कूलिंग आहे का?’ नुसतं ‘डबल डोअर आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. बजेटमध्ये असं मॉडेल बसलं तर त्यासाठी थोडे पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही, कारण तुमच्या घरात या एका गोष्टीवरून रोजची शांतता अवलंबून आहे. दुसरा उपाय घट्ट झाकणाच्या डब्यांचा आणि तो कुठलाही फ्रिज घेतला तरी करायचाच. रबराची पट्टी असलेलं झाकण आणि चारही बाजूंना कुलपं असलेले डबे घ्या. मासळीचे डबे वेगळ्या रंगाच्या झाकणाचे ठेवा, म्हणजे ते चुकूनही दुधाच्या कप्प्यात जाणार नाहीत.

जुना फ्रिज मात्र बाल्कनीत नको. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, हवेत खार असते, पत्रा खालून गंजायला लागतो आणि ओल्या जमिनीवर विजेचं उपकरण ही जिवाशी गाठ आहे. शिवाय दोन फ्रिजचं बिल. तो एक्स्चेंजमध्ये द्या.

आता प्रकार. बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो वर फ्रीझर असलेला डबल डोअर आणि दुकानदार तुम्हाला तोच दाखवेल. पण एक दिवस सासूबाई फ्रिजपाशी कशासाठी जातात ते बघा. दूध, दही, कोथिंबीर, मिरची, खोवलेला नारळ, देवाची फुलं. वर फ्रीझर असलेल्या फ्रिजमध्ये भाजीचा ट्रे अगदी तळाला असतो, म्हणजे दर भाजीला वाकणं आलं. फ्रीझर मात्र डोळ्यांसमोर आणि त्यात काय, तर त्यांना पाहायचीही नसलेली मासळी. फ्रीझर खाली असलेला फ्रिज हा क्रम उलटा करतो. रोजचं सामान छातीच्या उंचीवर येतं, भाजी कमरेपाशी येते आणि मासळी खालच्या ओढायच्या कप्प्यांत जाते. त्यासाठी वाकायचं तुम्ही किंवा यजमानांनी. कच्ची मासळी खाली आणि शिजलेलं अन्न वर असण्याचा आणखी एक फायदा आहे, कच्च्याचं पाणी शिजलेल्यावर ठिबकत नाही. या प्रकाराची मॉडेल्स कमी मिळतात आणि तेवढ्याच लिटरच्या वर फ्रीझरवाल्यापेक्षा थोडी महाग पडतात. तरी तुमच्या घरासाठी माझं मत ठाम आहे: फ्रीझर खाली, फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा), सव्वातीनशेच्या आसपास लिटर. अगदीच मनासारखा मिळाला नाही तर वर फ्रीझरचा घ्या, पण दोन कॉइलचा.

दुकानात जाताना घरातलं हुमणाचं टोप मोजून जा. झाकणासकट उंची आणि कानांसकट रुंदी. आपल्याकडे कालच्या हुमणाला आजच्यापेक्षा जास्त मान आहे, त्यामुळे ते टोप रात्री फ्रिजमध्ये जाणारच. ज्या फ्रिजची काचेची फळी वर-खाली सरकवून तेवढी उंची मिळत नाही तो नाकारा, मग त्याला किती का सुंदर दिवे असेनात. दरवाजावरचा पाण्याचा नळ, वायफाय, काचेचा रंगीत दरवाजा यांच्यासाठी पैसे वाया घालवू नका.

बिलाचं थोडक्यात सांगते. बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेच्या लेबलवर चांदण्या (स्टार) असतात, पण त्या त्याच प्रकारच्या फ्रिजशी तुलना करून दिलेल्या असतात आणि क्षमतेप्रमाणे मोजलेल्या असतात. म्हणून तीन चांदण्यांचा सहाशे लिटरचा फ्रिज तीन चांदण्यांच्या तीनशे लिटरवाल्याइतकीच वीज खाईल असं नाही. चांदण्यांखाली वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, तो पाहा. दोन मॉडेल्समध्ये वर्षाला १०० युनिटांचा फरक असेल तर दहा वर्षांत तो १००० युनिटांचा होतो. तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. लेबल कुठल्या सालाचं आहे तेही पाहा, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या लेबलच्या पाच चांदण्या नव्या निकषांत कमी भरतात.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गोव्यात फ्रिजची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये होते. दमट हवेत दरवाजाच्या रबरी पट्टीच्या घड्यांत काळी बुरशी धरते. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने घड्या उलगडून पुसा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या. रबर कडक झालं की दरवाजा नीट लागत नाही आणि मग फ्रिज दिवसभर धापा टाकतो. मागे कॉम्प्रेसरवर एक छोटा ट्रे असतो, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात जमतं. एरवी ते कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं, पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे साचून राहू शकतं. डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि हा ट्रे त्यांना आयता मिळतो. तो पाहायचा आणि पुसायचा तर फ्रिज पुढे ओढता आला पाहिजे. चौकट सैल ठेवा म्हणून मी सुरुवातीपासून मागे लागले आहे त्याचं हेही एक कारण. मागची भिंतही त्या निमित्ताने पुसून होते, तिथे बुरशी लवकर धरते.

वीज जाते-येते तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. फ्रिज किती व्होल्टेजपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि तुमच्या इमारतीत दिवे मंद-प्रखर होत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून आधी व्होल्टेज मोजून घ्या. दुसरं, वीज गेली की दरवाजा उघडू नका. बंद ठेवला तर फ्रीझरबाहेरच्या भागातलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं, गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. सॉकेट फ्रिजच्या मागे न घेता बाजूला, हात पोचेल असं घ्या. फ्रिजसाठी ते स्वतंत्र असावं आणि त्याला अर्थिंग हवंच.

चवथीला पेडण्याला जाण्याआधी फ्रीझरमधली मासळी संपवून टाका. तरी काही राहणार असेल तर एका वाटीत पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. ते बर्फात खाली रुतलेलं किंवा तळाशी दिसलं तर मधल्या दिवसांत वीज बराच वेळ गेली होती आणि बर्फ वितळून पुन्हा गोठला. मग त्या फ्रीझरमधलं काही खाऊ नका.

मासळीबद्दल एक शंका तुमच्या मनात येईल: यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, मग तेव्हासाठी मोठा फ्रीझर नको का? माझ्या मते नको. बांगडा, तारली यांत तेल जास्त, ती घरच्या फ्रीझरमध्ये दोन-तीन महिन्यांत खवट होतात. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवला तरी मासळी हळूहळू गोठवतो, त्यामुळे एकदम पाच किलो आत घातली तर आतलं तापमानच वर जातं आणि आधीचंही बिघडतं. एका वेळी किलो-दीड किलो ठेवा. कोलंबी सोलून, डब्यात बुडेल एवढं पाणी घालून गोठवली तर कोरडी पडत नाही. बाकी त्या दोन महिन्यांसाठी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, आहेच. सुके बांगडे आणि सुकी सुंगटं पावसात ओलसर होऊन बुरशी धरतात, ती घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीझरमध्ये नव्हे तर फ्रिजच्या साध्या भागात ठेवा, तिथे सासूबाईंना वास येणार नाही एवढं झाकण तपासून.

आता स्टँड. फ्रिजखाली हवा खेळायला आणि पाणी सांडलं तर पत्रा वाचायला प्लॅस्टिकचा स्टँड उपयोगी पडतो, लोखंडी नको, तो आपल्याकडे गंजतो. मात्र चाकांचे स्टँड सव्वातीनशे लिटरच्या भरलेल्या फ्रिजला हलवून सोडतात, म्हणून वजनाची मर्यादा वाचून घ्या. फ्रिजच्या पुढच्या दोन पायांना स्क्रू असतात, ते फिरवून फ्रिज किंचित मागे कलता ठेवा, म्हणजे दरवाजा आपोआप लागतो. स्टँडने फ्रिज चार इंचांपर्यंत उंच होतो आणि वर सुतार कपाट करणार असेल तर तिथेच घोळ होतो. या क्षमतेचे फ्रिज १६५ ते १९० सेंटीमीटर उंच असतात, फ्रीझर खाली असलेले त्यातल्या उंच बाजूला. तेव्हा शनिवारी सुताराला रुंदी ३१ इंच सांगा, मागची बाजू उघडी ठेवायला सांगा आणि वरचं कपाट जमिनीपासून साडेसहा फुटांच्या खाली आणू नको म्हणा. त्याच्यापुढची उंची मॉडेल पक्कं झाल्यावर, स्टँडसकट मोजून द्या.